पाण्यात वाढणाऱ्या रोपाला हवा कुठून मिळते?

खिडकीतल्या बाटलीत मनीप्लांटची फांदी खोचून ठेवली की ती वर्षानुवर्षं जगते. त्याच बाटलीत पालकाचं रोप मुळं बुडवून ठेवलं, तर आठवड्याभरात ते मान टाकतं. मातीशिवाय घरात भाजी पिकवायची असेल तर आधी हा फरक समजून घ्यायला हवा. खतांची नावं आणि मीटरचे आकडे त्यानंतर आपोआप जागेवर बसतात.

मुळं श्वास घेतात. पानांत तयार झालेली साखर वापरून मुळांना ऊर्जा मिळते, आणि त्यासाठी ऑक्सिजन लागतो. भुसभुशीत मातीत कणांच्या फटींत हवा असते, त्यामुळे तिथे हा प्रश्न उभा राहत नाही. पाण्यात मात्र ऑक्सिजन फार कमी विरघळतो. २० अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात जेमतेम ९ मिलिग्रॅम, ३० अंशाला साडेसात. तेवढ्याच हवेत तो २७० मिलिग्रॅमच्या आसपास असतो. म्हणजे पूर्ण बुडालेलं मूळ अर्धपोटीच असतं, आणि पाणी तापलं की आणखी उपाशी. मोरीच्या सांडपाण्यावर अळू माजतं, भात गुडघाभर पाण्यात उभा राहतो, कारण त्यांच्या देठा-खोडांत पोकळ्या असतात आणि त्यांतून हवा खाली मुळांपर्यंत जाते. अळूचा देठ आडवा कापून बघा, स्पंजासारखा दिसेल. पालक, लेट्यूस, टोमॅटो यांच्याकडे अशी सोय नसते. मनीप्लांट तग धरतो तो फार सावकाश वाढतो आणि कमी मागतो म्हणून.

तेव्हा हायड्रोपोनिक्सच्या, म्हणजे मातीविना खताच्या पाण्यावर रोप वाढवण्याच्या, सगळ्या पद्धती म्हणजे मुळांपर्यंत हवा पोचवायच्या वेगवेगळ्या युक्त्या आहेत. मातीविना रोप वाढतं हे जर्मनीत साक्स आणि क्नोप यांनी १८६०च्या दशकातच प्रयोगशाळेत दाखवलं होतं. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या विल्यम गेरिक यांनी ते प्रयोगशाळेबाहेर काढलं, आणि १९३७ मध्ये ‘हायड्रोपोनिक्स’ हे नावही रूढ केलं. आज बाजारात पाइपांचे मनोरे, पंप, टायमर असं बरंच काही मिळतं. नवख्या माणसाने त्यातलं काहीही घेऊ नये. मनोऱ्यातला पंप दुपारी बंद पडला आणि घरी कोणी नसलं, तर उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत रोपं झोपतात. ज्या गावात वीज जाते तिथे हे वर्षातून एकदा होणार हे धरूनच चालावं.

पंपाशिवायचा डबा

हवाई विद्यापीठातले बर्नार्ड क्रॅट्की यांनी मांडलेली पद्धत घरासाठी सगळ्यात सोपी आहे. डब्यात खताचं पाणी भरायचं, झाकणाला भोकं पाडून त्यांत जाळीच्या कुंड्या अडकवायच्या, आणि पाणी कुंडीच्या तळाला जेमतेम टेकेल एवढंच ठेवायचं. रोप पाणी पितं, पातळी खाली जाते. वर जी जागा मोकळी होते तिथे दमट हवा साठते. त्या पट्ट्यातली मुळं हळूहळू पांढरी, केसाळ, हवेतून ऑक्सिजन घेणारी होतात. खालची मुळं पाणी आणि खत ओढत राहतात. एकाच रोपाला दोन प्रकारची मुळं, आणि मध्ये कुठेही पंप नाही.

याच पद्धतीत सगळ्यात जास्त होणारी चूकही इथेच आहे. तीन आठवड्यांनी पाणी अर्ध्यावर आलेलं बघून जीव कासावीस होतो, आणि डबा पुन्हा काठोकाठ भरला जातो. हवेला सरावलेली मुळं बुडतात. दोन दिवसांत पानं लोंबतात, मग ‘पाणी कमी पडलं वाटतं’ म्हणून आणखी पाणी घातलं जातं. पातळी खाली जाणं हा या पद्धतीचा गाभाच आहे. पाणी फारच तळाला गेलं तर डब्याच्या एक तृतीयांश उंचीपर्यंतच भरायचं, वरची मुळं कोरडीच राहू द्यायची.

डबा कसा असावा? साधारण ४५ सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि २० खोल असा झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्या. तळाच्या त्रिकोणात २ किंवा ५ हा आकडा असलेलं प्लॅस्टिक चालतं. रंगाची किंवा रसायनाची रिकामी बादली नको. तांब्या-पितळेचं भांडं आणि जस्ताचा मुलामा दिलेली पत्र्याची बादली तर अजिबात नको, खताच्या आंबटसर पाण्यात तांबं आणि जस्त विरघळतं आणि मुळं जळतात. २ इंची जाळीची कुंडी (बाजारात ‘नेट पॉट’ म्हणतात) साधारण ५ सेंटिमीटर खाली लोंबते. म्हणजे पाण्याची उंची १५ सेंटिमीटर आणि पाणी सुमारे २० लिटर. लेट्यूसचा एक गड्डा बी ते काढणी ४ लिटरच्या आसपास पाणी पितो, कोरड्या हवेत थोडं जास्त. तेव्हा एवढ्या डब्याला चारच भोकं पाडायची. सहा बसतील असं दिसतं, पण मग शेवटच्या आठवड्यात पाणीही पुरत नाही आणि पानंही एकमेकांत घुसतात. भोक असं हवं की कुंडीची कड वर अडकेल आणि बाकी भाग आत उतरेल.

डब्यात उजेड जाता कामा नये. अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च डब्यात ठेवून झाकण लावा. भिंती उजळलेल्या दिसल्या तर डब्याला बाहेरून आधी काळा आणि वर पांढरा रंग द्या, किंवा स्वयंपाकघरातला अॅल्युमिनियमचा कागद गुंडाळा. खत असलेल्या पाण्यावर उजेड पडला की पंधरा दिवसांत शेवाळ येतं. ते खत खातं, आणि मेल्यावर कुजताना ऑक्सिजनही खातं.

दुसरी गोष्ट डासांची. साठलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो, आणि उबदार हवेत आठ-दहा दिवसांत नवे डास उडतात. पावसाळ्यात पालिकेची माणसं पिंपं तपासायला येतात, तेव्हा हा डबाही त्यात धरलेला असतो. रिकामं भोक एकही उघडं ठेवू नका. झाकण आणि डबा यांच्यात फट असेल तर फोमची पट्टी लावा. हवेसाठी म्हणून जास्तीचं छिद्र केलं असेल तर त्यावर खिडकीला लावतात ती बारीक जाळी चिकटवा. भाजीच्या पाण्यात डासांचं औषध घालायचा विचारही नको.

कोणतं रोप लावावं

पहिल्या डब्यात लेट्यूस किंवा पुदिना लावा. सब्जाच्या कुळातली इटालियन तुळस म्हणजे बेसिलही चालते. पालक ऐकायला सोपा वाटतो, पण त्याचं बी घरात बेभरवशाचं उगवतं आणि कोमट पाण्यात त्याची मुळं सगळ्यात आधी सडतात. टोमॅटो, मिरची, स्ट्रॉबेरी घरात फळापर्यंत न्यायला पालेभाजीच्या दुप्पट-तिप्पट उजेड लागतो. हा नाद दुसऱ्या वर्षी करावा. आणि मेथी-कोथिंबिरीच्या जुडीशी भावाची तुलना करू नये, हिशेब कधीच जुळणार नाही. लेट्यूस, बेसिल, ताजा पुदिना अशा नाजूक, शिळ्या होणाऱ्या पानांसाठीच हा खटाटोप परवडतो.

पुदिन्याला बी लागत नाही. बाजारातल्या जुडीतून जाड, ताठ काड्या निवडा. पेराच्या अगदी खाली कापून १० ते १२ सेंटिमीटरची काडी करा, खालची पानं काढा, साध्या पाण्यात दोन पेरं बुडतील अशी ठेवा. पाणी एक दिवसाआड बदला. आठ-दहा दिवसांत मुळं फुटतात, बोटभर झाली की डब्यात.

लेट्यूसचं बी स्पंजच्या एक इंची तुकड्यात रुजवणं सोपं जातं. तुकड्याला वरून चीर द्या, ओला करून पिळा, चिरेत दोन बिया अगदी वरवर ठेवा. लेट्यूसच्या बीला रुजायला उजेड लागतो, खोल गाडलेलं बी उगवत नाही. आणि ते उष्णतेला घाबरतं. ३० अंशाच्या पुढे बी झोपून राहतं, खराब झालं असं वाटून लोक पाकीट फेकतात. उन्हाळ्यात स्पंज डब्यात बंद करून दोन दिवस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा आणि मग बाहेर काढा. मटकीला मोड आणताना जशी फडक्याची ओल सांभाळतो तेवढीच ओल इथे हवी. स्पंज पाण्यात बुडता कामा नये.

अंकुर दिसल्या दिवसापासून रोप दिव्याखाली गेलं पाहिजे. पहिली दोन गोल पानं ही बीजदलं, तोवर पोट बियाणं भरतं, खताची गरज नसते. तिसरं, म्हणजे पहिलं खरं पान आलं की अर्ध्या ताकदीचं खतपाणी सुरू करा. बारा-पंधरा दिवसांत स्पंजखाली मुळं लोंबायला लागतात. तेव्हा दोनांतलं कमजोर रोप कात्रीने कापून टाका (उपटलं तर दुसऱ्याची मुळं तुटतात) आणि स्पंज जाळीच्या कुंडीत बसवा. बाजूने मातीचे भाजलेले गोळे, म्हणजे क्ले बॉल्स, भरा. कोकोपीट वापरायचं असेल तर आधी दोन-तीन पाण्यांत धुवा. नारळाच्या काथ्यात मीठ असतं, आणि त्याचा भुसा डब्यात गळून तळाशी कुजतो. क्रॅट्कीच्या डब्यासाठी स्पंजच बरा.

खत: कृषी सेवा केंद्रातली पाकिटं

मातीत रोपाला कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह, जस्त, बोरॉन थोडं थोडं फुकट मिळतं. पाण्यात यातलं काही नसतं, सगळं आपणच द्यायचं. म्हणून एकट्या १९:१९:१९ वर (नत्र, फॉस्फरस, पोटॅशियम सारख्या मापात असलेलं खत) भाजी काढण्याचा प्रयत्न फसतो. त्यात कॅल्शियम अजिबात नाही. शिवाय बहुतेक पाकिटांवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, की यातलं निम्म्याहून जास्त नत्र युरियाच्या रूपात आहे. मातीतले जिवाणू युरियाचं अमोनिया आणि मग नायट्रेट करतात, डब्यात ती फौज नसते. आणखी गंमत म्हणजे युरिया ईसी मीटरला (पाण्यातले क्षार मोजायचं यंत्र) दिसतच नाही, कारण पाण्यात त्याचे विद्युतभारित कण होत नाहीत. मीटर ‘कमी आहे’ सांगतं, आपण आणखी घालतो.

हायड्रोपोनिक्ससाठी ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन बाटल्यांचं तयार खत मिळतं. सुरुवातीला तेच घ्यायला हरकत नाही. पण द्राक्ष-डाळिंबाच्या बागांना ठिबकमधून देतात ती विद्राव्य खतं महाराष्ट्रात तालुक्याच्या गावीही मिळतात, आणि त्यांतून हेच खत घरी बनतं. मोठ्या दुकानात एक किलोचं पाकीट सुटं मिळालं तर दोन वर्षं पुरेल.

पहिल्या बाटलीत, म्हणजे ‘ए’मध्ये, एक लिटर पाण्याला कॅल्शियम नायट्रेट ६० ग्रॅम आणि चिलेटेड लोह (ईडीटीए, १२ टक्के) दीड ग्रॅम. दुसरीत, ‘बी’मध्ये, एक लिटर पाण्याला १३:०:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट ३० ग्रॅम, ०:५२:३४ म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट १५ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ३० ग्रॅम, आणि हायड्रोपोनिक्ससाठीचं सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्रण पाकिटावरच्या मात्रेने. हे मिश्रण फवारणीचं असेल तर त्यात जस्त जास्त असतं, ते टाळा. १३:०:४५ विरघळताना पाणी हाताला गारेगार लागतं, घाबरू नका, तो त्या क्षाराचा गुण आहे. कोमट पाण्यात लवकर विरघळतं.

वापरताना एक लिटर पाण्याला दोन्ही बाटल्यांतलं १०-१० मिली. आपल्या २० लिटरच्या डब्याला प्रत्येकी २०० मिली. असं केल्यावर लिटरमागे नत्र १३० मिलिग्रॅम, फॉस्फरस ३४, पोटॅशियम १५०, कॅल्शियम ११०, मॅग्नेशियम ३० च्या आसपास मिळतं. लेट्यूसला हे पोटभर आहे, पुदिन्याला १५ मिलीपर्यंत न्यायला हरकत नाही.

दोन बाटल्या वेगळ्या का? कॅल्शियम आणि सल्फेट दाट द्रावणात भेटले की त्यांचा जिप्सम होतो, कॅल्शियम आणि फॉस्फेट भेटले की पांढरा साका बसतो. तो पुन्हा विरघळत नाही, म्हणजे खत तळाशी आणि रोप उपाशी. म्हणून आधी डब्यात पूर्ण पाणी घ्या, ‘ए’ घालून ढवळा, मग ‘बी’. दोन्ही एकाच मापातून देत असाल तर मध्ये माप विसळा. कॅल्शियम नायट्रेट हवेतली ओल ओढतं, पावसाळ्यात उघड्या पाकिटाचा चिखल होतो. आणल्याबरोबर घट्ट झाकणाच्या बरणीत भरा, नाव लिहा, मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा. स्वयंपाकघरात मिठासारखी दिसणारी बिननावाची बरणी धोक्याची.

जीवामृत किंवा शेणखताचा काढा घालता येईल का, हा प्रश्न हमखास येतो. या डब्यात नाही. त्यातलं अन्न जिवाणूंनी फोडल्याशिवाय रोपाला मिळत नाही, आणि ते फोडताना जिवाणू पाण्यातला तोच तुटपुंजा ऑक्सिजन संपवतात. दोन दिवसांत डब्याला गटाराचा वास येतो. या गोष्टी मातीत द्याव्यात, तिथे त्यांचं खरं काम आहे.

पाणी, ईसी आणि पीएच

ईसी म्हणजे पाण्यातून वीज किती सहज वाहते, आणि त्यावरून क्षार किती आहेत याचा अंदाज. आरओ बसवणारा माणूस पाण्यात बुडवून दाखवतो तो टीडीएस मीटर हेच मोजतो, फक्त आकडा पीपीएममध्ये देतो. १.२ ईसी (मिलिसिमेन्स प्रति सेंटिमीटर) म्हणजे काही मीटरवर ६०० आणि काहींवर ८४०, कारण गुणायचा आकडा ५०० की ७०० हे कंपनी ठरवते. तेव्हा कुणाचा ‘पीपीएम’ ऐकून आपलं पाणी जुळवू नका, जमेल तिथे ईसी वाचा. लेट्यूसला ०.८ ते १.२, बेसिलला १ ते १.६, पुदिन्याला २ पर्यंत.

नळाच्या पाण्याचा आकडा आधी मोजून ठेवा. मुंबईचं तलावांचं पाणी मऊ आहे, थेट वापरता येतं. क्लोरीनचा वास येत असेल तर रात्रभर उघड्या बादलीत ठेवा. दख्खनच्या बेसाल्टातल्या बोअरचं पाणी बहुधा जड असतं. त्याचा टीडीएस चारशे-पाचशेच्या वर असेल तर निम्मं आरओचं पाणी मिसळा. आरओमधून बाहेर टाकलेलं पाणी लोक झाडांना घालतात. इथे ते घालू नका, त्यात गाळून काढलेले सगळे क्षार एकवटलेले असतात.

पीएच, म्हणजे पाणी किती आंबट आहे याचा आकडा (कमी तितकं आंबट), ५.५ ते ६.५ मध्ये हवा. सातच्या पुढे गेला की लोह पाण्यात असूनही मुळांना उचलता येत नाही, कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हे दिसल्यावर लोहाचं पाकीट शोधायला धावू नका, आधी पीएच मोजा. खत घातल्यावर पीएच जरा खाली येतो, म्हणून क्रम नेहमी आधी खत, मग मोजणं. अजूनही जास्त असेल तर पातळ केलेलं फॉस्फोरिक आम्ल (‘पीएच डाउन’ नावाने मिळतं) थेंबाथेंबाने घाला, ढवळा, पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. आम्ल पातळ करताना ते पाण्यात ओतायचं, त्यावर पाणी ओतायचं नाही. लिंबूसत्त्वाने किंवा व्हिनेगरनेही आकडा खाली येतो, पण जिवाणू ते खाऊन टाकतात आणि दोन-तीन दिवसांत पीएच पूर्वपदावर. पेनसारखं स्वस्त पीएच मीटर महिन्याभरात खोटं बोलायला लागतं. सोबतच्या पुड्यांचं ४ आणि ६.८६ चं पाणी करून ते दर पंधरवड्याला जुळवा आणि टोक कोरडं पडू देऊ नका. तेवढा सोस नसेल तर रंग बघायचं थेंबांचं किट घ्या, घरापुरतं पुरतं.

पाणी उतरत जाताना ईसी मोजत राहिलात तर रोप स्वतःच सांगतं. ईसी चढतोय म्हणजे ते खातंय कमी आणि पितंय जास्त (उन्हाळ्यात हेच होतं), तर भर घालताना साधं पाणी घाला. ईसी घसरतोय म्हणजे भूक आहे, भर खताची.

उजेडाचा भ्रम

आपला डोळा अंधाराशी इतका झटपट जुळवून घेतो की घरातला उजेड मोजायला तो निरुपयोगी आहे. बाहेर टळटळीत उन्हात एक लाख लक्स (उजेड मोजायचं माप) उजेड असतो, आणि खिडकीपासून चार-पाच फूट आत तो काही शेकड्यांवर येतो. आपल्याला दोन्हीकडे ‘चांगला उजेड’ दिसतो. नवरात्रात देवघरात बसवलेल्या घटाची रोपं आठवा. नऊ दिवसांत वीतभर उंच, पण नाजूक, पिवळट. ती वाढतात बियाण्याच्या साठ्यावर, आणि उंच होतात उजेड शोधायला. लेट्यूसची रोपं अशी दिसायला लागली तर खतात दोष शोधू नका.

लेट्यूसला पानाच्या उंचीवर १२,००० ते १५,००० लक्स, दिवसाला १४ ते १६ तास लागतात. मोबाइलवरचं लक्स मोजायचं ॲप ढोबळ असतं, पण चारपट चूक पकडायला पुरे. त्यासाठी जांभळे ‘ग्रो लाइट’ घ्यायची गरज नाही. साध्या पांढऱ्या एलईडी पट्ट्यांत रोपाला लागणारे रंग असतात, आणि त्या उजेडात पानाचा खरा रंग दिसतो, रोग लवकर कळतो. दोन फूट बाय एक फुटाच्या कप्प्याला १० वॅटच्या दोन फुटी चार पट्ट्या, म्हणजे ४० वॅट, पानांपासून १५ ते २० सेंटिमीटर वर. वर पांढरा पुठ्ठा आणि बाजूंना चकचकीत कागद लावला तर वाया जाणारा उजेड परत येतो. ४० वॅट रोज १६ तास म्हणजे महिन्याला १९ युनिट, युनिटला १० रुपये धरले तर १९० रुपये. टायमरचा प्लग लावा. रात्री आठ तास अंधार असू द्या.

दक्षिणेकडची खिडकी ऑक्टोबर ते फेब्रुवारीत चार-पाच तास ऊन देते, तेवढ्यावर लेट्यूस निघतं. तेव्हा सूर्य दक्षिणेला कललेला असतो आणि पाणीही गार असतं. पहिला डबा याच दिवसांत लावावा हे बरं.

काय बिघडतं

रोप भर पाण्यात कोमेजलं, तर झाकण उचलून मुळं बघा. निरोगी मुळं पांढरी किंवा दुधाळ असतात. लोहाच्या खताने ती किंचित तपकिरी दिसू शकतात, त्यावरून घाबरू नका. एक मूळ चिमटीत धरून ओढा. वरची साल निसटून मधला दोरा हातात राहिला आणि वास आला, तर ती मूळकूज, पिथियम. हा बुरशीसारखा जीव कोमट, ऑक्सिजन कमी असलेल्या पाण्यात फोफावतो. असं रोप क्वचितच सुधारतं. ते टाका, डबा धुवा, नवीन पाणी करा.

मुळांना १८ ते २४ अंशाचं पाणी आवडतं. एप्रिल-मे मध्ये नागपूर-अकोल्याकडे घरातलं पाणीही ३२-३३ अंशांवर जातं, आणि अशा वेळी लेट्यूस हट्टाने लावलंच तर ते कडू होतं आणि मधून तुरा काढतं. डबा गच्चीच्या भिंतीपासून दूर, थेट फरशीवर ठेवा, बाहेरून ओलं फडकं गुंडाळा, दुपारी गोठवलेल्या पाण्याची बंद बाटली आत सोडा. त्याहून सोपं म्हणजे त्या महिन्यांत बेसिल, तांदुळजा लावणं. उन्हाळ्यात फिशटँकचा ३ ते ५ वॅटचा हवेचा पंप लावला तर मदत होते. तो पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवा, नाहीतर वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटं येऊन पंपात शिरतं. आणि पंप लावलात तर मग पातळी थोडी वर ठेवायला हरकत नाही.

आतल्या कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी, जळल्यासारख्या झाल्या, तर कॅल्शियम पाण्यात नाही असं नव्हे, ते तिथवर पोचत नाही. कॅल्शियम पानातून उडणाऱ्या पाण्याबरोबर वर चढतं. कोकणातल्या दमट हवेत किंवा बंद कपाटात पाणी उडतच नाही. छोटा पंखा मंद वेगात पानं जेमतेम हलतील असा लावा, आणि खताची ताकद वाढवू नका, उलट थोडी कमी करा. खालची जुनी पानं सगळीच फिकी पिवळी पडली तर नत्र संपतंय, शिरांमधला भाग तेवढा पिवळा पडला तर मॅग्नेशियम.

घरात पाऊस आणि मित्रकीटक नसल्याने मावा, पांढरी माशी, लाल कोळी एकदा शिरले की झपाट्याने वाढतात. पानाची मागची बाजू आठवड्यातून एकदा बघा. सुरुवातीलाच रोप कुंडीसकट उचलून नळाखाली धुवा, लागलं तर लिटरभर पाण्यात काही थेंब साबण. पिवळा चिकट सापळा एक टांगून ठेवा. खायच्या पानांवर कीटकनाशक मारण्यापेक्षा रोप टाकलेलं बरं.

डब्यात लावल्यापासून ३० ते ४० दिवसांत लेट्यूस काढणीला येतं. गड्डा एकदम काढण्याऐवजी बाहेरची चार-पाच पानं तोडत गेलात तर आणखी दोन-तीन आठवडे मिळतात. पुढे पानं कडवट लागली की थांबा. डब्यात उरलेलं पाणी जास्वंदीच्या कुंडीला घाला, त्यात अजून खत असतं. डबा, झाकण, जाळ्या घासा, पाच लिटर पाण्यात पन्नास मिली साधं ब्लीच घालून अर्धा तास भिजवा, दोनदा खळखळून धुवा, उन्हात वाळवा. दोन पिकांच्या मध्ये हे टाळलं तर पहिल्या डब्यात न दिसलेलं पिथियम दुसऱ्यात दिसतं. आणि नव्या पिकाची रोपं आधीच स्पंजात तयार असतील तर डबा एक दिवसही रिकामा राहत नाही: पहिल्याची काढणी सुरू होईल त्याच आठवड्यात पुढचं बी टाका.